मधली मेढ

कुणाच्याही घरात शिरण्याआधी ते चौकटीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे. तीनदा. मग कान तिरका करून जरा वेळ तसेच थांबायचे. आतली बाई साहजिकच विचारायची, ‘कोण आहे?’ त्यावर म्हणायचे, ‘तुमास्नी न्हाई बाई, चौकटीला इचारतुय.’ चौकटीकडून काय ते उत्तर मिळालं की मान हलवायचे. ‘जागं हाय.’ मगच पायताण काढून आत यायचे.

माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हाही हेच. मी सुतार. त्या वेळी पिंपरीला मोठा कारखाना उभा राहत होता आणि सातारच्या बाजूचे माझ्यासारखे पुष्कळ जण पोटामागं इकडं आले होते. कंपनीला माल भरायला लाकडी खोकी लागायची, ती मी करून द्यायचो. दुकान चिंचवडच्या जुन्या गावात, घाटाकडं उतरणाऱ्या वाटेवर. एका सकाळी हा उंच, वाळका म्हातारा दारात उभा. टकटक केली, ऐकलं आणि मान हलवायच्या ऐवजी तोंड वाकडं केलं.

‘झोपलंय. आतनं वाळवी लागलीय ह्येला.’

मला हसू आलं. म्हटलं, अहो बाबा, सुताराला लाकूड शिकवायला निघालात? आठवडा गेला असेल नसेल, उंबऱ्याजवळचा चौकटीचा तुकडा माझ्या हातात आला. आत नुसती माती. मी मनातून खजील झालो, पण कबूल केलं असतं तर मी कसला! मी तेव्हा तसाच होतो. हातात कसब होतं आणि नाकावर माशी बसू द्यायचो नाही.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांच्या घरासमोर गावानं पाटी लावली, तिच्यावरही ते नव्हतं. मी त्यांना बाबा म्हणायचो, ते मला ‘सुतारा’ म्हणायचे, आणि एवढ्यावर आमचं भागलं.

बाबा मूळचे वरच्या मावळातले. ऐन जवानीत असताना तिकडं धरण झालं आणि गाव पाण्याखाली जायचं ठरलं. लोकांनी भांडीकुंडी उचलली, देव उचलले, जनावरं हाकली. ह्यांनी घर उचललं. थट्टा नाही, अख्खं घर. त्यांच्या आज्यानं स्वतः तोडलेल्या लाकडांचं घर होतं ते. मावळात बाकीच्यांच्या भिंती कुडाच्या. ह्यांच्या भिंती ओंडक्यांच्या, एकावर एक रचलेल्या. सगळ्या घरात लोखंडाचा खिळा एक नाही. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या भोकात बसवायचं आणि वरून लाकडाचीच खुंटी ठोकायची. त्यामुळं घर सुटंही करता यायचं. बैलगाडीच्या सात खेपा करून त्यांनी ते पिंपरीच्या अलीकडं, पवनेच्या काठाला आणलं. तिथं वाट्यानं रान घेतलं आणि घर पुन्हा उभं केलं.

शेवटच्या खेपेला गाडीत मधली मेढ होती. मेढ म्हणजे घराच्या मध्यावरचा खांब, ज्याच्यावर आढ्याचा सगळा भार असतो. बाबांची कारभारीण त्या मेढीवर बसून आली. मांडीवर मडकं, मडक्यात जुन्या चुलीतला विस्तव. वाटेत लोक विचारायचे, पोरी, गाडीत काय? ती म्हणायची, घर. बाबा हे सांगताना दरवेळी हसायचे. ‘एवडीशी व्हती. माझ्या खांद्यालाबी लागायची न्हाई. पन बसली व्हती कशी, पाटलीन जशी!’

नव्या जागी त्या मेढीशी चूल मांडली गेली आणि पुढची तीस वर्षं ती बाई मेढीला पाठ लावून बसली. भाकरी झाल्या की टेकायची, तांदूळ निवडताना टेकायची, लेकराला पाजताना टेकायची. डोक्याला तेल चोपडायची तिला सवय. मेढीवर तिचं डोकं टेकायचं तिथं वाटीएवढा काळा, तुकतुकीत डाग पडला, आणि त्याखाली पाठीच्या घासण्यानं लाकूड गुळगुळीत झालं. ती गेली ती त्याच घरात, मी इकडं येण्याच्या आदल्या साली. ती गेल्यापासून बाबा मेढीसमोर बसायचे, डागाकडं तोंड करून. तुम्हाला हे मी आता एका दमात सांगतोय. मला मात्र ह्यातलं डागाचं काहीच वेळेवर ठाऊक नव्हतं, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

तर ते रान कारखान्याच्या आखणीत गेलं. बाबांच्या मुलाला कंपनीत काम लागलं, त्यानं गावात विटांच्या दोन खोल्या बघितल्या. वाईट नव्हता तो मुलगा. बापाला म्हणाला, ‘आबा, तिथं ही लाकडं मावायची नाहीत. वखारीत टाकू.’ बाबा दोन दिवस जेवले नाहीत.

तेव्हा मधे पडले ते गुरुजी. शाळेतून निवृत्त झालेले, आणि जुन्या वस्तूंचं भयंकर वेड. फुटकी जाती, तोफेचे गोळे, कुठले कुठले कोरीव दगड त्यांनी घरात आणून ठेवले होते. त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. गुरुजींनी नदीकाठचं ते घर एकदा पाहिलं आणि वेडेच झाले. गावातल्या जाणत्या मंडळींना गोळा केलं. ‘असं घर आता कुणी बांधणार नाही. घाटाच्या वाटेवर जागा आहे, तिथं जसंच्या तसं उभं करू. लोक येतील, बघतील.’

‘बघत्याल?’ बाबा म्हणाले. ‘घर काय नवरी हाय व्हय, बघाया?’

गुरुजी हसले, पण बाबा हसत नव्हते. गुरुजींनी समजूत घातली. आत राहता येणार नाही, कारण घर गावाचं. चूल पेटवता येणार नाही, कारण लाकडाला जाळ नको. बाबांनी एकेका गोष्टीला मान हलवली. राहणं सोडलं. चूल सोडली, तीस वर्षं विझू न दिलेली. शेवटी म्हणाले, ‘समदं सोडलं, गुरुजी. एक न्हाई सोडत. मला रोज दिवसाचं मधल्या मेढीपाशी बसू द्या. तेवडं न्हाई म्हनाल तर खुशाल वखारीत टाका.’

गुरुजींनी शब्द दिला. मी तिथं हजर होतो, कारण घर सोडवायचं आणि उभं करायचं काम माझ्याकडं होतं. माझ्या कानांनी मी ते ऐकलं, आणि माझ्या डोक्यात एवढंच राहिलं की म्हाताऱ्याला मेढीला टेकून बसायचंय.

घर सोडवताना मी प्रत्येक लाकडावर खडूनं आकडा घातला. वहीत नकाशा काढला. बाबा बाजूला उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, ‘आकडे कशाला? नावं हायेत की.’ आणि हात करून सांगायला लागले. मेढीवरचं आडवं जाडजूड लाकूड ती सासू. तिच्याखाली दोन्ही बाजूंनी भार झेलणाऱ्या त्या थोरली सून आणि धाकली सून. दोन भिंतींना सांधून धरणारी ती लेक. दारावर एक नक्षीची फळी होती, तिला त्यांनी जावई म्हटलं.

‘जावई का?’

‘काम काय न्हाई त्येला. पन काडून ठिवला तर घर वाईट दिसतंय.’

मी मोठ्यानं हसलो. मनात म्हटलं, अडाणी कारभार. माझी वही, माझे आकडे, तेच खरं. दुसऱ्या दिवशी गाड्या भरल्या, पेंढा घालून दोर आवळले. खाचखळग्यातून चिंचवडात येईपर्यंत पेंढ्यानं आणि दोरानं लाकडं अशी घासली गेली की निम्म्याहून जास्त आकडे गायब! घाटाच्या वाटेवर सगळ्या लाकडांची रास पडली आणि मी वही हातात धरून तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत राहिलो.

बाबांची नजर तोवर मोतीबिंदूनं मंद झाली होती. ते राशीपाशी बसले आणि एकेका लाकडाच्या टोकावरून अंगठा फिरवायला लागले. टकटक करायचे, ऐकायचे. ‘ही धाकली. तिकडं ठेव. ही लेक. ही सासू, चौघं या, एकल्याला उचलाया यायची न्हाई.’ चार दिवसांत घर उभं राहिलं. एक खुंटी चुकली नाही. नवीन लाकूड म्हणून मला फक्त दोन खुंट्या कराव्या लागल्या, आणि त्याही बाबांनी दोनदा परत दिल्या, जाड झाल्या म्हणून.

मी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाचे तरी पाय धरावेसे वाटले, पण तेवढं धाडस झालं नाही. मग विचार केला, आपल्या हातानं ह्या माणसासाठी काहीतरी चांगलं करावं.

दुसऱ्या दिवशी गावची मंडळी घर बघायला येणार होती. दुपारी बाबा जेवायला मुलाकडं गेले होते. मी मेढीपाशी बसलो. म्हटलं, म्हातारा आता रोज हिला टेकून बसणार. आणि मेढ बघावी तर धुरानं काळवंडलेली, मधेच तेलकट मळाचा थर, एका अंगाला कुसळं निघालेली. सदऱ्याला डाग लागतील, पाठीला टोचेल. मी रंध्याला धार लावली. अहो, किती प्रेमानं मारला मी तो रंधा! वरून खाली, हात न उचलता. तो काळा डाग काही लवकर जाईना, तेल पार आत मुरलेलं. तिथं मी चार हात जास्त मारले, अगदी खोलगट होईपर्यंत. तास-दीड तासात मेढ अशी निघाली, आजच जंगलातून आणल्यासारखी. मी घाम पुसला आणि वाट बघत बसलो. शाबासकी घ्यायला बसलो होतो, खोटं कशाला सांगू.

बाबा आले. चौकटीवर टकटक केली, ‘जागं हाय’ म्हणाले, आत आले. सवयीनं थेट मेढीपाशी. अंगठा वरून खाली आणला. मधेच थांबला. परत वर नेला, परत खाली आणला. दोन्ही तळवे लावले. शोधत होते ते.

‘गुळगुळीत केली, बाबा,’ मी म्हणालो. ‘आता टोचायची नाही पाठीला.’

त्यांनी टकटक केली नाही. खाली बसले. जमिनीवर रंध्याच्या साली पडल्या होत्या, त्यांच्यात हात घातला. एकेक साल नाकापाशी नेऊन हुंगायला लागले. पांढऱ्या साली टाकून द्यायचे. तेलाचा वास आला की उपरण्यात ठेवायचे.

‘हितं ती टेकायची,’ म्हणाले. एवढंच.

काय करून बसलो मी! तीस वर्षं एका बाईनं पाठीनं लिहिलेलं मी दीड तासात पुसून टाकलं, आणि वर शाबासकीची वाट बघत होतो. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सालींत हात घातला, काळ्या साली वेचायला. सुताराला जे सुचावं तेच सुचलं. म्हणालो, ‘बाबा, सरस लावून चिकटवतो.’

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळे भरले होते, पण ओठ हलले. ‘येडा हायेस का रं तू?’ म्हणाले, आणि खरोखर हसले. मला रडू कोसळलं. त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. ‘ऱ्हाऊ दे, सुतारा. लाकूड झोपलंय, मेलं न्हाई. पाठ हाय की माझी. हुईल.’

त्या दिवसापासून बाबांचा नेम सुरू झाला. सकाळी न्याहारी करून यायचे ते दिवस मावळायच्या आत जायचे. मेढीसमोर बसणं बंद. आता मेढीला पाठ लावून बसणं. आणि आणखी एक. बाबांच्या डोक्यावर केस कसले, हाताच्या बोटांवर मोजावेत इतके! पण माणूस रोज डोक्याला तेल चोपडून यायला लागला. कानशिलांवरून ओघळ यायचे. घाटावर येणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. ‘बाबांना म्हातारपणी शौक सुचला बरं का!’ बाबा म्हणायचे, ‘सुचला तर सुचला. तुमच्या घरचं त्याल हाय व्हय?’

बघायला मंडळी यायची, तिकडून कुठून सांगवीहून, पुण्याहून पण. गुरुजी काठी टेकत सगळ्यांना माहिती द्यायचे. ‘पाहा, एकही खिळा नाही.’ पाहुणे मेढीपाशी यायचे आणि तिथं हा तेल लावलेला म्हातारा. कुणी कुणी त्यांनाही घरातली जुनी वस्तू समजून निरखून बघायचं. बाबांना त्याचं काही नव्हतं. विचारलं तर सांगायचे, ‘ह्यी वरची सासू. आन् त्यो जावई.’

लोक यायला लागले तसं लाकडावर नावं कोरायलाही लागले. गुरुजी संतापले. मला पाटी करायला सांगितली. मी चांगल्या फळीवर ठळक अक्षरं कोरली, रंग भरला आणि मेढीच्या वरच ठोकायला गेलो. खिळा नाही, खुंटीच. तेवढं मी शिकलो होतो. बाबांना वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी दिसलं नसतं.

‘काय लिवलंय रं?’

मला सांगवेना. पण त्यांच्याशी आता खोटंही बोलवेना. ‘लिहिलंय, हात लावू नये.’

बाबांनी विचार केला. ‘मग बराबर हाय. मी हात कुटं लावतुय? मी पाठ लावतुय.’

गुरुजी दारातच उभे होते. काठी उचलून बाहेर गेले.

असं तीन-साडेतीन वर्षं चाललं. दिवसेंदिवस बाबांचं बसणं मात्र विचित्र व्हायला लागलं होतं. पाय पुढं लांब पसरायचे, कंबर घसरलेली, मान पुढं दुमडलेली, हनुवटी छातीला टेकलेली. बघूनच आपली मान दुखावी. मी जाता येता ओरडायचो, ‘बाबा, अहो सरळ बसा की. मानेचं काय होईल?’ ते म्हणायचे, ‘आसंच बरं हाय.’ मी म्हणायचो, वय झालं, ताठ बसवत नाही आता. एकदा बसायला पाट करून नेला. त्यांनी तो हातानं बाजूला सारला. मला जरा रागही आला, इतक्या हौसेनं केलेला पाट म्हणून.

शेवटी शेवटी मानेच्या दुखण्यानं रडकुंडीला यायचे. मुलगा म्हणायचा, ‘आबा, घरी पडून राहा.’ ऐकतील तर शपथ. एके दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगाच दुकानात आला. चौकटीत उभा राहिला, आणि काय झालं ते मला कळलं. त्याच्या हातात उपरण्याची एक पुरचुंडी होती. ‘सुतार, आबांच्या उशाशी हे निघालं. लाकडाचा कचरा बांधून ठेवलाय. कशाचा आहे हो?’

मी गाठ सोडली. साली चुरा होत आल्या होत्या. वास मात्र होता अजून. मी त्याला म्हणालो, ‘तुझ्या आईचा आहे. आबांच्या बरोबर जाऊ दे.’ त्यानं पुरचुंडी परत बांधली.

घाटावर सगळं उरकल्यावर माणसं घरी गेली आणि मी लाकडाच्या घरात आलो. उन्हं कलती होती, दारातून मेढीपर्यंत उजेड येत होता. एरवी तिथं बाबा असायचे, त्यामुळं इतक्या वर्षांत मी मेढ नीट पाहिलीच नव्हती. पाहिलीच नव्हती म्हणण्यापेक्षा, पाहायची हिंमत नव्हती. आता जवळ गेलो. डाग धरला होता. काळा नव्हे, आत्ता कुठं तांबूस, तुपकट. वाटीएवढा.

माझ्यातला सुतार जागा झाला. हा डाग खाली कसा? बाबांसारखा उंच माणूस मेढीला टेकून बसला तर त्याचं डोकं ह्याच्या चांगलं वीतभर वर लागायला हवं. मी बोटं फिरवली. डागापाशीच लाकूड खोलगट होतं. तो खळगा माझ्या हाताला पाठ होता. तो माझ्याच रंध्याचा होता, ते जास्तीचे चार हात. डाग बरोबर त्याच्यात बसला होता. तिच्या जागी.

साडेतीन वर्षं. ती त्यांच्या खांद्यालाही लागायची नाही म्हणून हा माणूस साडेतीन वर्षं पाय पसरून, कंबर घसरवून, मान मोडून तिच्या उंचीला येऊन बसत होता. आणि मी शहाणा येता-जाता सांगत होतो, बाबा, सरळ बसा.

मी खाली बसलो आणि मेढीला पाठ लावली. डोकं डागाच्या वर आलं. पाय पुढं सरकवले, कंबर खाली नेली, मान दुमडली. तेव्हा कुठं लाकूड मागं नीट लागलं. मानेत कळ आली, ती तशीच राहू दिली.

दारात काठी वाजली. गुरुजी होते. बाहेरच्या उजेडातून आल्यामुळं त्यांना आत नीट दिसलं नसावं, किंवा सवयीनं बोलले असतील. ‘अहो, पाटी वाचली नाही का?’

‘मीच लिहिलीय, गुरुजी,’ मी म्हणालो. ‘हात नाही लावत. पाठ लावतोय.’ आणि मी उठलो नाही.